'एसपी नको, गणित घे' म्हणणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

2022 च्या पावसाळ्यात बाबा पीककर्ज नवं-जुनं करायला बँकेत आले होते, त्यांच्यासोबत मीही होते. कागद तपासता तपासता तुम्ही विचारलंत, "पुढे काय शिकायचंय?" मी म्हटलं, अर्थशास्त्र. "मग अकरावीला एसपी घेतलंस की मॅथ्स?" एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. कॉमर्सच्या आमच्या वर्गात बहुतेक मुलींनी तेच घेतलं होतं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "बदलून घे. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्सला गणिताशिवाय घेत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी मी विषय बदलला. हे बारावीत कळलं असतं तर काही उपयोग नव्हता. घरात, कॉलेजात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, कारण तुम्ही त्याच विद्यापीठात शिकला होतात, आणि समोर रांग असतानाही तुम्ही मला ते सांगितलंत.

8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली. लासलगावात भाव कोसळले, बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. मी रागानं तुमच्याकडे आले, तेव्हा पैसे काढायच्या स्लिपच्या मागे तुम्ही दोन रेषा काढल्या. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत थांबतो, लाल कांदा थांबत नाही. म्हणून भाव पडला तरी शेतकऱ्याला विकावाच लागतो. पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की विक्रीला येणारा माल किती बदलतो, ती मी पुस्तकात पाठ केली होती. आमच्या ट्रॅक्टरमध्ये ती भरलेली असते हे त्या दिवशी कळलं.

सीयूईटीची, म्हणजे दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची तयारीही तुम्हीच मार्गी लावलीत. भाषेच्या पेपरला इंग्रजीच हवं असं नाही, मराठी चालतं, हे मला कोण सांगणार होतं? मराठी, गणित, अर्थशास्त्र, बुक कीपिंग. 2024 मध्ये प्रत्येकी 200 गुण होते, एकूण 800. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा, म्हणून अंदाजानं ठोकायचं नाही. गणितात ब विभागात उपयोजित गणिताचा पर्याय असतो. निर्देशांक, रेषीय प्रायोजन हे आमच्या कॉमर्सच्या गणितातलंच, त्यामुळे माझी भीती निम्मी झाली. मात्र आपल्या राज्य बोर्डाचं अर्थशास्त्र आणि ही परीक्षा ज्यावर असते ते एनसीईआरटीच्या पुस्तकांतलं अर्थशास्त्र यांत बराच फरक आहे. त्यासाठी तुमची जुनी पुस्तकं दर शनिवारी एकेक करून माझ्याकडे आली.

आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला! राज्याच्या नमुन्यातला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो, तोही नव्या आर्थिक वर्षातला. हे तुम्ही एप्रिलमध्येच बजावलं नसतं तर ऑगस्टमध्ये मी तहसील कार्यालयात रडत उभी असते.

तुमची बदली झाली त्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. निरोप द्यायला येता आलं नाही, ते अजून सलतं. तरीही कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना तुम्ही फोनवर तासभर बसलात. "मिळेल ते नको, हवं ते वर लिही." मी मिरांडा हाऊस पहिलं लिहिलं. पहिल्या यादीत दुसरं कॉलेज आलं, ते स्वीकारून अपग्रेडचा पर्याय ठेवला, आणि पुढच्या यादीत मिरांडाच आलं. बाबांनी तो मेसेज माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

पहिल्या सत्रात लवचिकतेचा धडा आला तेव्हा मॅडमनी उदाहरण विचारलं. मी उभी राहिले आणि लाल कांद्याचं सांगितलं. ती स्लिप तेव्हाही माझ्या वहीत होती.

ताई, मनापासून आभार.

तुमची,
कांदेवाल्यांची मुलगी