बर्नेट यांची अंडी, नवापूरची अंडी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत सर फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञावरील लेख वाचला. शरीर आपले कोणते आणि परके कोणते हे कसे ओळखते, या ज्या कामासाठी त्यांना १९६० मध्ये पीटर मेडावर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, ते लेखकाने सोप्या मराठीत समजावून दिले, याबद्दल त्यांचे आभार. मात्र ज्या इन्फ्लुएंझावर बर्नेट यांनी वीसेक वर्षे खर्ची घातली आणि ज्या डासजन्य मेंदूज्वराच्या साथीत त्यांनी स्वतःला एक विषाणू टोचून घेतला, त्या दोन्हींची बोळवण एकेका वाक्यात झाली आहे आणि त्यातलेही एक वाक्य चुकले आहे. आम्हा नवापूरकरांना नोबेलपेक्षा हीच दोन कामे जवळची, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी चूक. ‘इन्फ्लुएंझाचा विषाणू बर्नेट यांनी शोधून काढला’ असे लेखात म्हटले आहे. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी वेगळा केला, तोही फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या मदतीने. (आजारी फेरेट स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला, त्यांना फ्लू झाला आणि त्यांच्याकडून मिळालेला विषाणू प्रयोगशाळांमध्ये त्यांच्याच आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. एवढा मजकूर लेखात असता तर शाळेतल्या मुलांनीही तो शेवटपर्यंत वाचला असता.) बर्नेट त्या सुमारास त्याच संस्थेत काम करत होते. ते मेलबर्नला परतले तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो हा की, विषाणू सापडला खरा, पण तो वाढवायचा कशात? फेरेट महाग, सांभाळायला अवघड आणि चावरा. बर्नेट यांनी कोंबडीचे अंडे घेतले. अंड्यात विषाणू वाढवण्याची कल्पना मूळची त्यांची नव्हे, अमेरिकेत गुडपाश्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९३१ मध्येच वापरली होती. परंतु इन्फ्लुएंझासाठी ती हातखंडा पद्धत झाली ती बर्नेट यांच्यामुळे.

पोल्ट्रीच्या गावात राहणाऱ्याला ही पद्धत चटकन कळते. आमच्याकडून ट्रेमध्ये भरून बाजारात जाते ते खाण्याचे अंडे या कामाला चालत नाही, कारण लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, पिंजऱ्यात नर नसतो आणि त्या अंड्यात जीव धरत नाही. लागते ते उबवणीचे अंडे, साधारण नऊ ते अकरा दिवस उबवलेले. अंधाऱ्या खोलीत ते दिव्यासमोर धरले की कवचाआड तांबड्या शिरांचे जाळे आणि मधोमध हलणारा एक काळसर ठिपका दिसतो. शिरा टाळून कवचाला बारीक छिद्र पाडायचे, गर्भाभोवतीच्या पिशवीतील द्रवात विषाणू सोडायचा, छिद्र बंद करून अंडे पुन्हा उबेत ठेवायचे आणि दोन-तीन दिवसांनी तो द्रव काढून घ्यायचा. फ्लूच्या बहुतेक लसी आजही याच रीतीने तयार होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्नेट यांनी दुबळा केलेला जिवंत विषाणू सैनिकांच्या नाकात सोडून लस करून पाहिली होती. ती फारशी यशस्वी झाली नाही, पण २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर पुण्यात २०१० मध्ये तयार झालेली नाकात फवारायची लस त्याच कल्पनेवरची होती आणि तीही अंड्यातच वाढवलेली होती.

त्यांचे दुसरे निरीक्षण मला याहून मोलाचे वाटते. फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतो, हे १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज हर्स्ट यांनी दाखवले होते. काही वेळाने विषाणू आपण होऊन सुटतो आणि मग त्याच पेशींना तो पुन्हा चिकटू शकत नाही. विषाणूजवळ असे काही असले पाहिजे, जे चिकटण्याची जागाच कापून टाकते. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूंच्या द्रवातही तसाच गुण असल्याचे बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे या पदार्थाला न्यूरामिनिडेज हे नाव मिळाले. बर्ड फ्लूच्या ‘एच५एन१’ या नावातील ‘एन’ म्हणजे हेच न्यूरामिनिडेज आणि ‘एच’ म्हणजे चिकटणारा भाग. टॅमिफ्लू नावाचे औषध नेमके या ‘एन’चे काम बंद पाडते, विषाणू पेशीतून सुटून पुढच्या पेशीकडे जाऊ शकत नाही.

मी हे इतके खोलात लिहितो, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला, तेव्हा मी आरोग्य सहाय्यक म्हणून नोकरीत होतो आणि कोंबड्या नष्ट करणाऱ्या पथकांना टॅमिफ्लूच्या कॅप्सूल देण्याचे काम माझ्याकडे होते. पांढरा पोशाख, डोळ्यांना चष्मा, हातात दुहेरी मोजे, आणि आतून माणूस घामाने निथळलेला. मास्क हनुवटीखाली ओढून कॅप्सूल तोंडात टाकायची, घोटभर पाणी प्यायचे आणि पुन्हा शेडमध्ये जायचे. शेडमागच्या खड्ड्यात तीस-तीस अंड्यांचे ट्रे पालथे होत होते. पहिल्या काही ट्रेंना कवचांचा आवाज येई, नंतर अंड्यांवरच अंडी पडू लागली आणि तो आवाजही बंद झाला. पथकातल्या एका मजुराने मला विचारले, “डॉक्टर, हेच औषध कोंबड्यांना दिलं असतं तर?” (गावाकडे आरोग्य खात्याचा शिपाईसुद्धा डॉक्टरच असतो.) मला उत्तर देता आले नाही. हजारो पक्ष्यांच्या कळपाला असे औषध सरसकट दिले तर विषाणूच त्याला सरावतो आणि माणसासाठी राखलेले औषध निकामी होते, हे मी पुढे वाचून शिकलो. माणसांचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले होते. सुदैवाने त्यांत कोणालाही लागण आढळली नाही. शेजारच्या गुजरातमधील उच्छल तालुकाही त्या साथीत सापडला. आमच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, तिथे विषाणूने हद्द पाळावी अशी अपेक्षा कोणी करू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो पुन्हा आलाच.

आता डासांविषयी. १९५१ च्या प्रारंभी, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, ऑस्ट्रेलियाच्या मरे नदीच्या खोऱ्यात मेंदूज्वराची साथ आली. नेमक्या त्याच खोऱ्यात, त्याच सुमारास, पिकांचा फडशा पाडणारे ससे मारण्यासाठी सोडलेला मिक्सोमा नावाचा विषाणू पसरत होता आणि तोही डासांमार्फतच. नदी तीच, डास तेच, दिवसही तेच. लोकांनी मेंदूज्वराचे खापर सशांच्या विषाणूवर फोडले, यात नवल नव्हते. तेव्हा बर्नेट, फ्रँक फेनर आणि इयन क्लुनीज रॉस या तिघांनी मिक्सोमा विषाणू स्वतःला टोचून घेतला आणि तिघांनाही काही झाले नाही. खरा विषाणू बर्नेट यांच्याच संस्थेत एरिक फ्रेंच यांनी वेगळा केला. तो आपल्याकडच्या जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग असून पाणपक्ष्यांत राहतो आणि क्युलेक्स डासांमार्फत माणसापर्यंत येतो. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी ऑस्ट्रेलियात पुढे जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यातही कोंबडीच आहे. पाणथळ जागी पिंजऱ्यात कोंबड्या ठेवतात आणि डासांच्या हंगामात त्यांचे रक्त ठराविक दिवसांनी तपासतात. कोंबडी आजारी पडत नाही, पण तिच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिने, दिसली की विषाणू आला हे माणसांना लागण होण्याच्या आधी कळू शकते.

हतनूर धरणावर हिवाळ्यात जे पक्षी उतरतात त्यांची छायाचित्रे आपण दरवर्षी छापता, ती मी आवडीने पाहतो. तापीकाठी असे काही पिंजरे ठेवून पाहायला हरकत नाही. परंतु खान्देशात घरोघरी माणसे आजारी पडतात ती डेंग्यू आणि चिकुनगुन्याने, आणि तिथे कोंबडीचा उपयोग नाही, कारण हे विषाणू आपल्याकडे पक्ष्यांत नव्हे तर माणूस आणि एडिस डास यांच्यातच फिरतात. चिकुनगुन्या भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला, १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली आणि मग तीस वर्षांहून अधिक काळ तो जवळजवळ विस्मरणात गेला. २००६ मध्ये त्याचे देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले. तेव्हा आलेला विषाणू पूर्वीच्या आशियाई प्रकारचा नसून आफ्रिकी प्रकारचा आहे हे पुण्याच्या संस्थेला सांगता आले, कारण १९५२ साली डासजन्य व तत्सम विषाणूंच्या अभ्यासासाठीच सुरू झालेल्या त्या संस्थेने जुने नमुने जपून ठेवले होते. साथ नसलेल्या वर्षांत केलेले काम साथीच्या वर्षी असे उपयोगी पडते.

तालुक्याच्या पातळीवर मात्र या कामाचे काय होते, ते मी नोकरीत पाहिले आहे. आम्ही घरोघर जाऊन रांजण, टाक्या आणि कूलर बॅटरीच्या उजेडात तपासत होतो. ज्या भांड्यांत आळ्या सापडतील त्यांचे शंभर घरांमागे प्रमाण काढतात, त्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. तो आकडा नोंदवहीत चढे आणि नोंदवही कपाटात जाई. रुग्ण दवाखान्यात दाखल झाल्यावर धुरळणीचे यंत्र गल्लीतून फिरे, त्याचे छायाचित्र निघे. वाढलेला आकडा तीन आठवडे आधीच कपाटात पडून असे. आणि ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ हा फलक, जिथे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते त्या गावात लावणे ही थट्टा आहे. एडिसचे अंड्यापासून डासापर्यंतचे आयुष्य उन्हाळी दिवसांत साधारण तेवढ्याच मुदतीत पुरे होते, आणि पाणी ओतून द्या म्हटल्यावर ते कोणतीही गृहिणी ओतून देणार नाही. त्याऐवजी, भांड्याचे तोंड सुती कापडाने बांधा आणि नळ येण्याच्या दिवशी, रिकामे झालेले भांडे भरण्यापूर्वी, त्याच्या कडा आतून काथ्याने घासा, असे सांगितले तर ते पटते. अंडी पाण्यात नसून कडेला चिकटलेली असतात आणि महिनोन्महिने कोरडी राहूनही पाणी लागताच फुटतात. पहिल्या पावसानंतर बंद करून गॅलरीत ठेवलेला कूलर हे त्यांचे दुसरे घर.

म्हणून बर्नेट यांच्या निमित्ताने आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्या दैनिकात केळीचा भाव आणि हतनूर-गिरणा धरणांतील पाणीसाठा नेमाने येतो आणि त्यावर शेतकरी आपले बेत ठरवतो. त्याच पानावर, जून ते नोव्हेंबर या काळात आठवड्यातून एकदा, जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील तालुकावार आळ्यांचे निर्देशांक द्यावेत, आणि हिवाळ्यात पोल्ट्रीतील किंवा जलाशयावरील पक्ष्यांच्या असाधारण मरतुकीची नोंद द्यावी. आळ्यांचे आकडे सर्वेक्षण करणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे असतात, मरतुकीची माहिती पशुसंवर्धन विभागाकडे येते. आपल्या वार्ताहरांनी ती मागायची आहे. जागा चार-पाच ओळींची लागेल. आणि १९३३ च्या शोधाविषयीची दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीतच यावी, कारण लेखाची कात्रणे आमच्या शाळेच्या फलकावर लागली आहेत.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक,
नवापूर, जि. नंदुरबार