बाबांचा आवाज

बंगळूर, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार,

फोनवर हा विषय काढला की माझाच गळा दाटून येतो, आणि बाबांना उत्तर द्यायची घाई होते. म्हणून पत्र लिहिते आहे. आई, दुपारची जेवणं झाली की बाबांना सावकाश वाचून दाखव.

बाबा, दादाने पाठवलेला व्हिडिओ बघून तुम्ही पाटीवर लिहिलंत, "मेंदूत चिप. मला चालेल?" तेव्हापासून रोज रात्री मी त्याबद्दलच वाचते आहे.

कॅलिफोर्नियात ४५ वर्षांच्या एका माणसाला तुमचाच आजार, एएलएस, झाला होता. हातपाय लुळे पडले होते, बोललेलं जवळच्या माणसांनाही नीट कळत नव्हतं. जुलै २०२३ मध्ये डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत, बोलण्याच्या हालचाली जिथून ठरतात तिथे, अगदी बारीक सुया असलेल्या चार चकत्या बसवल्या. मिळून २५६ इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले संकेत टिपणारी टोकं. या आजारात "बोल" हा मेंदूचा हुकूम सुटत असतो, पण तो जीभ-ओठांपर्यंत नेणाऱ्या पेशी मरत जातात. चिठ्ठी लिहून तयार, नेणारा पोस्टमन नाही. त्या सुया ती चिठ्ठी निघण्याच्या जागीच पकडतात. कुठला उच्चार करायचा प्रयत्न चालला आहे ते संगणक ओळखतो आणि उच्चार जोडून शब्द करतो. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाच्या सरावानंतर ५० शब्द ९९.६ टक्के बरोबर आले. पुढे सव्वा लाख शब्दांतून निवडायचं असतानाही शंभरातले ९७ बरोबर येऊ लागले. आपले शब्द पडद्यावर उमटलेले बघून तो माणूस आनंदाने रडला.

आणि ते वाक्य संगणक वाचून दाखवायचा ते त्याच्या स्वतःच्या आवाजात. आजारापूर्वीची त्याची काही रेकॉर्डिंग सापडली होती, त्यावरून तो आवाज घडवला होता. हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आज "नाही" असंच आहे. हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. कवटी उघडावी लागते, जंतुसंसर्गाची भीती असते, डोक्यावरच्या खुंटीला वायर जोडून बसावं लागतं. शिवाय बहुतेक काम इंग्रजीतलं. "चार"मधला च वेगळा आणि "चारा"मधला च वेगळा, हे त्या यंत्राला कुणीतरी शिकवायला हवं. हे लिहिताना हात अडखळला. पण तुम्ही गणिताचे मास्तर, ताळा न जुळणारं उत्तर तुम्ही माझ्याकडून कधीच घेतलं नाहीत.

आई, तू विचारलंस की मनातलं सगळं बाहेर पडेल का. ही यंत्रं मुळात बोलण्याचा प्रयत्न टिपतात. तरी तुझी शंका रास्त आहे. मनातल्या मनात म्हटलेले शब्दही थोडेफार ओळखता येतात, असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना २०२५ मध्ये दिसलं. म्हणून ठरलेला परवलीचा शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्र उघडणारच नाही, अशी सोयही त्यांनी करून पाहिली. माणसाच्या मनाला कडी हवीच, आणि ती आतून लावता यायला हवी.

दादाला सांगा, ऑनलाइन मिळणारा तो डोक्याचा पट्टा मागवू नकोस. कवटीबाहेरून मिळणारे संकेत फार क्षीण असतात, त्यातून असं बोलणं उलगडत नाही.

आपल्या हातात एक गोष्ट आहे, आणि ती उद्यापासूनच करायची आहे. बाबा, तुमचा आवाज साठवून ठेवायचा. सकाळी चहानंतर तुमचा आवाज त्यातल्या त्यात मोकळा असतो. तेव्हा पंखा बंद करायचा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवायचा आणि दहाच मिनिटं बोलायचं. दमलात की थांबायचं. पेपरातली वाक्यं वाचा, पण माझ्यासाठी पावकी, निमकी, पाऊणकीही म्हणा. आईला हाक मारता ती, "अगं, ऐकलंस का?" तीही हवी. शब्द अडकला तर अडकू दे, पुसू नका. यातून घडवलेला आवाज आधी साध्या टॅबवर टाइप केलेली वाक्यं बोलेल. त्याला कुठलीही शस्त्रक्रिया लागत नाही. पुढेमागे मेंदूचं यंत्र आपल्यापर्यंत पोचलंच, तर तेव्हाही हाच आवाज लागेल.

आई, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची कॅसेट आहे. सूत्रसंचालन बाबांचंच होतं आणि आवाज ठणठणीत आहे. ती काढून कपाटात ठेव. आपल्या टेपवर मात्र लावून बघू नकोस, तो फीत ओढून गुंडाळतो. मी शनिवारी सकाळी पोचते आहे, येताना चांगला टेप घेऊन येते.

तुमची,
मनू