बोर्डावर ‘टॅक्स कन्सल्टंट’ लिहिलं म्हणजे सीए होत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरची थोडी कोरडवाहू शेती अन् सोबत एक मिनी दालमिल आहे, आजूबाजूच्या कास्तकारांची तूर घेतो अन् डाळ करून विकतो. सुट्टी डाळ विकत होतो तोवर जीएसटीचं काही काम नव्हतं, पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकिटावर ५ टक्के लागला अन् नागपूरचे दुकानदार म्हणायला लागले, ताई जीएसटी नंबर असंल तरच माल घेऊ. म्हणून नंबर काढायला तालुक्याला गेलो.

तिथं एक जण होते, सगळे त्यांना सीए साहेबच म्हणत म्हणून आम्हीपण म्हणायचो. दर महिन्याला जीएसटीचा हिशोब, म्हणजे रिटर्न, भरावं लागते, त्यासाठी त्यांना बिलं नेऊन द्यायची, पैसे द्यायचे, ते म्हणायचे झालं ताई रिटर्न, अन् आम्ही परत यायचो, भरल्याची पावती कधी मागितलीच नाही. मग एक दिवस दुकानदाराचा फोन, तुमचा नंबर तर कॅन्सल दाखवते, तुमच्या बिलावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, आम्हाला भेटत नाही. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. सहा महिन्यांचं एकही रिटर्न गेलेलं नव्हतं. नोटीस आली होती, पण जीएसटीच्या पोर्टलवर मोबाईल अन् ईमेल दोन्ही त्या साहेबांचेच टाकलेले, पासवर्डपण त्यांच्याकडंच, मग आम्हाला कळणार कुठून?

शेवटी यवतमाळला एका सीएंकडं गेलो. प्रत्येक रिटर्नवर रोजचे ५० रुपये लेट फी, वरून १८ टक्क्यानं व्याज. नंबर परत चालू करायच्या अर्जाला ९० दिवस असतात, आमचे मोजकेच उरले होते, पण त्या सीए बाईंनी दोन दिवसात सगळं बसवलं. आधीचे साहेब सीए नव्हतेच हेही तिथंच कळलं.

आता एक सांगते, रिटर्न भरायला सीएच पाहिजे असं काही नाही. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून रीतसर नोंदणी केलेले लोकही भरू शकतात अन् आमच्या भागात त्यातले कितीतरी प्रामाणिकपणे काम करतात, लहान दुकानाला ते पुरे आहेत. पण टॅक्स ऑडिट (इन्कम टॅक्ससाठीची हिशोब तपासणी), कंपनीचं ऑडिट याच्यावर सही सीएचीच लागते. आता गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्यात, धंदा होवो न होवो त्यांना दरवर्षी ऑडिट करावंच लागते, अन् सरकारकडं द्यायचा वार्षिक फॉर्म उशिरा गेला तर एकेका फॉर्मला रोजचे १०० रुपये, अन् हा मीटर थांबत नाही. डायरेक्टर झालेल्या किती कास्तकारांना हे कोणी सांगितलं असंल?

सीएंच्या जाहिरातीवर त्यांच्या संस्थेची बंधनं आहेत म्हणे, त्यामुळं ज्याचा बोर्ड मोठा तोच सीए असं समजू नका. सरळ मेंबरशिप नंबर विचारा, आयसीएआय म्हणजे सीएंच्या त्या संस्थेच्या वेबसाईटवर तपासता येतो, खऱ्या सीएला त्याचा राग येत नाही. सीएनं दिलेल्या सर्टिफिकेटवर १८ अक्षर-आकड्यांचं यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर, असते, तेही ऑनलाईन फुकट तपासता येते, बँकेत कागद द्यायच्या आधी एकदा पाहूनच घ्या. अन् हात जोडून सांगते, पोर्टलवर मोबाईल अन् ईमेल स्वतःचाच टाका, ओटीपी आपल्या फोनवर आला पाहिजे. आधीच दुसऱ्याचा टाकला असंल तर आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडं कागदपत्रं देऊन बदलून घेता येते, आम्ही तसंच केलं.

आमची अडचण अंतराची आहे. यवतमाळला जायचं म्हणजे दिवस मोडते, मिल बंद, मजुरांना परत पाठवा, म्हणून माणूस तालुक्यात जो भेटंल त्याला धरतो. सीएंच्या संस्थेच्या अकोला, अमरावती, नागपूरला शाखा आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, तालुक्याला येऊन बसावं. फी घ्या, आम्ही फुकट मागत नाही. आपल्या पेपरातून ही मागणी त्यांच्यापर्यंत पोचवावी ही विनंती. जागेची अडचण असंल तर आमच्या मिलचं शेड आहे, सतरंज्या आम्ही टाकून ठेवू.

आपली,
एक दालमिल चालवणारी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ