औटाच्या परवानगीसोबत मैदानाचा नकाशाही मागा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या दसऱ्याला आमच्या भागातल्या मैदानावर रावण दहन पाहायला गेलो होतो, पोरगी खांद्यावर, अन् एक औट, म्हणजे नळीतून वर उडून आकाशात फुटणारा फटाका, वर गेलाच नाही, तिरपा सुटला आणि लोकांच्या डोक्यावरच फुटला. बायकोच्या ओढणीला दोन भोकं पडली, आठाण्याएवढी, कडा जळून कडक झालेल्या. ती ओढणी अजून कपाटात आहे. नळ्या नुसत्या रेतीच्या पोत्याला टेकवल्या होत्या आणि लोक तीस-चाळीस पावलांवर उभे.

माझा मंडप-लाइटिंगचा धंदा आहे, म्हणून मग बाहेर शोभेच्या दारूचं प्लॅनिंग कसं करतात ते पाहायला बसलो, तर त्यासाठी फिनाले थ्रीडीसारखे सॉफ्टवेअर आहेत बावा! नळी कुठे, किती इंचाची, कोणत्या कोनात हे टाकलं की अख्खा शो आधीच स्क्रीनवर दिसते. औटाला वर जाऊन फुटायला दोन-तीन सेकंद लागतात, तर गाण्याच्या ठेक्यावर फुटावा म्हणून तेवढं आधी फायर करायचं, ते पण सॉफ्टवेअरच काढते. पण मला खरं काम अंतराचं वाटलं. अमेरिकेत औटाच्या व्यासाच्या दर इंचाला 70 फूट अंतर धरतात, म्हणजे 3 इंची औट असला तर लोक 210 फूट लांब. मी आमच्या मैदानाचा नकाशा प्रिंट काढून त्यावर तेवढा गोल मारला, तर स्टेज, चाटचे ठेले, बायकांची बसायची जागा सगळं त्या गोलाच्या आत आलं अन् गोल रस्त्याच्याही पार गेला. तिथं 3 इंची औट आणायलाच नको होता, पण हे कोणी मोजलंच नव्हतं.

सॉफ्टवेअर काही नळी बांधून देत नाही, ते माणसालाच करावं लागते, नीट गाडून. आणि लहान मंडळाला सॉफ्टवेअर परवडत नसेल तर कंपासने काढलेला गोलही चालेल, पण काढा तर.

देशभरातल्या स्फोटकांवर लक्ष ठेवणाऱ्या पेसोचं मुख्य ऑफिस आपल्या सेमिनरी हिल्सला, ग्रीन फटाक्यांवर काम करणारी नीरी ही संस्था पण नागपूरचीच, मग ही सुरुवात इथूनच काहून होऊ नये? परवानगीच्या अर्जासोबत नळ्यांची जागा, इंच, कोन आणि लोकांपर्यंतचं अंतर दाखवणारा नकाशा घ्या, कार्यक्रमाच्या दिवशी तो मैदानाच्या गेटवर लावा, आणि अंतर बसत नसेल तर छोटे औट आणायला सांगा. येत्या दसऱ्याच्या परवानग्या निघायच्या आत एवढं कराच.

एक वाचक, मानेवाडा, नागपूर