नाव एक, टायर दोन: ऑल-टेरेन टायरच्या निवडीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या संकेतस्थळावरील निवड-मार्गदर्शकाने सुचवलेले चुकीच्या बांधणीचे टायर, हवेच्या दाबाबाबत दिलेला चुकीचा सल्ला आणि त्याच कारणावरून नाकारलेला वॉरंटी दावा

महोदय,

माझ्या फोर बाय फोर पिकअपसाठी आपल्या कंपनीचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे, टायर मी घेतले. टायर मधोमध झिजले म्हणून वॉरंटीखाली दावा केला, तर ‘गरजेपेक्षा जास्त हवा भरल्यामुळे झीज’ असा शेरा मारून आपण तो फेटाळला. किती हवा भरायची हे मी आपल्याच मदत कक्षाला लेखी विचारले होते आणि आलेल्या उत्तराप्रमाणे हवा भरली होती. तो पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. मात्र तक्रार एवढ्यावर संपत नाही. हवेचा घोळ नंतरचा. मुळात माझ्या गाडीला हा टायर सुचवायलाच नको होता.

माझी गरज मी मार्गदर्शकात भरली होती. बहुतेक धावणे डांबरी रस्त्यावर, अधूनमधून खडीचा आणि मातीचा कच्चा रस्ता, हिवाळ्यात एखादा प्रवास बर्फाच्या भागात. गाडीत बहुधा दोन माणसे आणि थोडे सामान, ट्रेलर ओढत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे मूळ टायर २६५/६५ आर १७ ११२एस (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंची, ११२ हा भार निर्देशांक, एस ही वेगाची खूण), हवा २९ पीएसआय (दाबाचे एकक). आपल्या मार्गदर्शकाने गाडीचे मॉडेल आणि वर्ष विचारले, ‘साहसाची आवड किती?’ असा एक प्रश्न विचारला आणि भार किती वाहता हे विचारलेच नाही. टायर निवडताना पहिला प्रश्न भाराचा असतो. तो गाळून साहसाची आवड विचारणे म्हणजे शिंप्याने माप न घेता कापडाचा रंग विचारण्यासारखे आहे.

सुचवला गेला तो एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड भारासाठीच्या बांधणीचा) २६५/७० आर १७, १२१/११८एस, लोड रेंज ई (ताकदीची श्रेणी). आता हे आकडे काय सांगतात ते पाहा. भार निर्देशांक ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. माझी गाडी पूर्ण भरली तरी २८०० किलोच्या आत राहते आणि मागच्या एका चाकावर ८०० किलोच्या पुढे भार जात नाही. म्हणजे मूळ टायरकडेच पुरेशी शिल्लक होती. १२१ म्हणजे १४५० किलो, तेही ८० पीएसआय हवा भरल्यावर (११८ हा आकडा जोडचाकांसाठीचा). ही ताकद ज्या गाडीला लागते तिच्यासाठी ती बहुमोल आहे. कायम माल लादून फिरणारा, जड ट्रेलर ओढणारा किंवा धारदार दगडांच्या वाटेवर रोज गाडी घालणारा माणूस एलटीच घेईल आणि घ्यावाच. पण रिकाम्याच फिरणाऱ्या गाडीला तो लावला की टायर वाकत नाही, प्रत्येक खड्डा थेट सीटपर्यंत येतो, टायरचे वजन वाढल्याने इंजिनाला आणि ब्रेकला जास्त काम पडते, आणि बदल्यात मालकाला काहीच मिळत नाही.

याच नावाचा टायर आपण साध्या मेट्रिक, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या, बांधणीतही बनवता, २६५/६५ आर १७ मध्येच, भार निर्देशांक ११२. तो माझ्या गाडीला जसाच्या तसा बसला असता. हे मला टायर बसवून झाल्यावर कळले, तेही टायरवाल्याकडून. मार्गदर्शकात तो दिसला नाही, कारण तिथे फक्त नाव आणि एक ‘शिफारस’ दाखवली जाते.

आता आपल्या उत्पादन-पानाबद्दल. मेट्रिक आणि एलटी या दोन बांधण्या आतून वेगळ्या, त्यांचे थर वेगळे, नक्षीची खोली वेगळी, वजन वेगळे. आपण दोघांना एकच नाव, एकच छायाचित्र आणि गुणांची एकच यादी दिली आहे. त्या यादीतले काही गुण एका टायरचे आहेत, काही दुसऱ्याचे, आणि सगळे गुण एकत्र असलेला टायर आपल्या गोदामात एकही नाही.

छायाचित्रातल्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तीन शिखरे आणि त्यांच्यात हिमकण असे चिन्ह ठळक दिसते. बर्फावरच्या प्रवासासाठी मी तेच पाहिले होते. माझ्या टायरवर ते चिन्ह नाही, फक्त एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) आहे. मी फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी ‘दोन्ही एकच’ असे सांगितले. ते एकच नाहीत, आणि टायर कंपनीच्या माणसाला हे माहीत नसावे याचे आश्चर्य वाटते. एम+एस ही खूण निर्माता नक्षीच्या ठेवणीवरून, म्हणजे खाचांच्या रुंदी-दिशेवरून, स्वतःच लावतो. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. शिखर-हिमकणाचे चिन्ह १९९९ मध्ये आले ते नेमक्या याच कारणाने. ते लावायचे तर दाबलेल्या बर्फावर टायरची पकड मोजली जाते आणि ती ठरावीक संदर्भ टायरपेक्षा निदान १० टक्के सरस भरावी लागते. (त्या चिन्हाने निसरड्या काचबर्फावर ब्रेक लागेल याची हमी मिळत नाही, हेही मला माहीत आहे. मी चमत्कार मागत नव्हतो, चित्रात दाखवलेला टायर मागत होतो.) आपल्या तांत्रिक तक्त्यात शोधल्यावर कळते की चिन्ह फक्त काही मापांना मिळाले आहे. मग ते सगळ्या मापांच्या पानावर कसे?

दुसरे, ट्रेडवेअर ६००, म्हणजे नक्षी किती टिकते याचा तुलनात्मक आकडा. हा आकडा पानाच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरांत आहे. हा आकडा ज्या अमेरिकी प्रतवारीतून येतो, ती एलटी टायरना लागूच होत नाही. माझ्या टायरवर कुठेही ६०० लिहिलेले नाही, लिहिता येणारही नाही. मेट्रिक भावंडाचा आकडा एलटीच्या विक्रीसाठी वापरला गेला आहे.

तिसरे तर मला सगळ्यात जास्त खटकले. ‘१० थरांचे अभेद्य कवच’ असे आपण लिहिता. लोड रेंज ई म्हणजे १० प्लाय (थर) रेटिंग, हे बरोबर. पण रेटिंग म्हणजे थरांची मोजणी नव्हे. टायरमध्ये सुती धाग्यांचे थर घालत त्या काळापासून चालत आलेले हे ताकदीचे माप आहे. आजचे पॉलिएस्टर आणि पोलाद तेवढीच ताकद खूप कमी थरांत देतात. यावर वाद घालण्याचे कारण नाही, कारण खरे उत्तर माझ्या टायरच्या साइडवॉलवर आपणच कोरले आहे: नक्षीखाली पॉलिएस्टर २, पोलाद २, नायलॉन १, साइडवॉलमध्ये पॉलिएस्टर २. साइडवॉलमध्ये दोन थर आहेत, आणि कच्च्या रस्त्यावर दगड कापतो तो नेमका साइडवॉलच. दहा थरांच्या भरवशावर कुणी गाडी धारदार दगडांत घातली तर त्याचे काय होईल, याचा विचार जाहिरात लिहिणाऱ्याने केला होता का?

आता हवेबद्दल. टायरची बांधणी आणि माप दोन्ही बदलल्यामुळे दाराच्या चौकटीवरचे २९ पीएसआय आता चालणार नाही, ही शंका मला आली होती. एलटी टायरला तेवढ्याच भारासाठी मेट्रिकपेक्षा जास्त हवा लागते. कमी हवेत तो आतून तापतो, आणि तापलेला टायर किती धोकादायक ते आपल्याला मी सांगायला नको. म्हणून मी गाडीच्या पुढच्या-मागच्या धुरीवरचा भार लिहून आपल्याकडे नेमका दाब विचारला. उत्तर आले: ‘साइडवॉलवरील कमाल दाबाच्या जवळ ठेवा, ६५ पीएसआय योग्य.’

साइडवॉलवर लिहिलेला दाब हा त्या टायरचा कमाल भार पेलण्यासाठीचा दाब आहे, तो माझ्या गाडीसाठीचा सल्ला नाही. ६५ वर हा टायर १२०० किलोहून जास्त पेलतो. माझ्या मागच्या चाकावर त्याच्या दोन-तृतीयांश भारही नसतो. इतका फुगलेला टायर रस्त्याला फक्त मधल्या पट्ट्याने टेकतो. ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ लागली, खडीच्या चढावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. कच्च्या रस्त्यावर तर हवा उलट थोडी कमी करतात, म्हणजे टायर दगडावर बसतो, उडत नाही. ६५ पीएसआयवर प्रत्येक खडा थेट नक्षीत घुसतो. आज नक्षीची खोली मध्ये ७ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना १० मिलिमीटर आहे. चारही टायरवर सारखीच, त्यामुळे अलाइनमेंटचा दोष नाही हे आपल्या तपासनिसानेही अहवालात मान्य केले आहे. कारण त्याने अचूक ओळखले, जास्त हवा. फक्त ती भरायला कोणी सांगितले, हा रकाना आपल्या अर्जात नाही.

प्रत्येक मापाचा भार-दाब तक्ता टायर कंपन्यांकडे असतोच. त्यात माझा भार पाहून दाब सांगणे दोन मिनिटांचे काम होते.

मापाबद्दलही लिहितो, कारण इथे गप्प राहणे पुढच्या ग्राहकाला महाग पडेल. २६५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, २६५/७० आर १७ चा सुमारे ८०३. टायर जवळपास ३.४ टक्के मोठा झाला. स्पीडोमीटर मूळ मापाला अचूक धरला, तर काटा १०० वर असताना गाडी १०३ च्या पुढे असते, आणि किलोमीटरचा आकडा तेवढाच कमी पडतो. हे एकवेळ चालवून घेता येईल. स्टेपनीचे काय? मार्गदर्शकाने चार टायर सुचवले, पाचव्याचा उल्लेखच नाही. माझी स्टेपनी अजून जुन्या मापाची आहे. माझ्या गाडीला मधला डिफरेन्शियल (दोन्ही धुरींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअररचना) नाही; फोर व्हील ड्राइव्ह लावले की पुढची आणि मागची धुरी एकाच वेगाने फिरायला बांधलेली असते. अशा वेळी एक चाक २७ मिलिमीटरने लहान असले की फरकाचा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही धुरींना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. म्हणजे कच्च्या रस्त्यावर पंक्चर झाले, तर ज्या कामासाठी गाडी घेतली तेच करता येणार नाही. ‘साहस’ विचारणाऱ्या मार्गदर्शकाला हे सुचायला हवे होते.

विक्रेत्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने बॅलन्सिंग नीट केले, जे मागवले तेच बसवले. टायरच्या साइडवॉलवरचा कोड वाचून, शेवटच्या चार अंकांतला आठवडा आणि वर्ष दाखवून, माल ताजा असल्याची खात्रीही त्यानेच करून दिली. दोन बांधण्यांतला फरकही, आधी सांगितल्याप्रमाणे, त्यानेच उलगडून सांगितला.

माझे म्हणणे असे. चारही टायर परत घेऊन त्याच नावाचे मेट्रिक बांधणीचे २६५/६५ आर १७ टायर मला बदलून द्यावेत, बसवण्याच्या आणि बॅलन्सिंगच्या खर्चासह. किंवा पूर्ण रक्कम परत करावी. झिजलेल्या नक्षीच्या प्रमाणात रक्कम कापण्याचा प्रस्ताव मला मान्य होणार नाही, कारण ती झीज आपल्या सल्ल्याची आहे. ‘ग्राहकाने जास्त हवा भरली’ हा शेरा माझ्या नोंदीतून लेखी काढून टाकावा. मार्गदर्शकात भार आणि ट्रेलरचा प्रश्न घालावा, शिफारशीसमोर बांधणी, भार निर्देशांक आणि त्या गाडीसाठीचा दाब दाखवावा, आणि माप मूळ टायरपेक्षा वेगळे असेल तर स्टेपनीचा इशारा द्यावा. शिखर-हिमकणाचे चिन्ह आणि ट्रेडवेअरचा आकडा ज्या मापांना खरोखर आहे त्यांच्यापुरताच ठेवावा. ‘१० थर’ हे वाक्य मात्र लगेच काढावे. त्यासाठी माझ्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

ग्राहक सेवेकडून याआधी मला ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढ्या एकाच वाक्याचे उत्तर आले आहे. या पत्राला तांत्रिक विभागातील जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे उत्तर अपेक्षित आहे. ३० दिवसांत ते न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन. टायर तोपर्यंत गाडीवरून उतरवून, आहेत त्या स्थितीत जपून ठेवतो आहे; आपला तपासनीस पुन्हा पाठवायचा असेल तर आधी कळवून पाठवावा.

आपला,
एक ग्राहक

सोबत:
खरेदीची पावती आणि वॉरंटी कार्ड
मार्गदर्शकाच्या शिफारशीची आणि उत्पादन-पानाची छापील प्रत
हवेच्या दाबाबाबतचा मदत कक्षाशी झालेला पत्रव्यवहार
दावा नाकारल्याचे पत्र आणि तपासणी अहवाल
चारही टायरच्या नक्षीची व साइडवॉलवरील मजकुराची छायाचित्रे