उसातली मित्र, शेडमधली चोर

महोदय,

कोंबडीखाद्य महागल्यापासून आमच्या कराड भागात काहींनी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या पाळायला घेतल्या आहेत. मीही त्यातलाच. खरकटं, सडका भाजीपाला खाऊन अळी पोसते आणि कोंबड्या ती आवडीनं खातात. सगळं छान चाललं होतं. मग एका खेपेला पुढच्या पिढीसाठी राखलेल्या कोषांतून माशाच निघेनात. निघाल्या त्या बारीक काळ्या गांधीलमाश्या! प्रत्येक रिकाम्या कोषाला टाचणीनं पाडल्यासारखं भोक.

ही गांधीलमाशी कोषात अंडं घालते, तिची अळी आतला जीव खाऊन टाकते. पश्चिम आफ्रिकेत घानामध्ये 'डिरहिनस गिफार्डी' नावाची जात या माशीच्या कोषांवर आढळल्याची नोंद 2015 सालची आहे. विकायच्या अळ्या वाचतात, पण बीजच जातं. फवारणी करावी तर आपलीही माशी मरते. गंमत अशी, की तिच्याच गोतातल्या, किडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशीची कार्डं आम्ही खोडकिड्यासाठी विकत आणून उसात लावतो.

मी घेतलेल्या प्रशिक्षणात तापमान, ओलावा, अनुदान सगळं सांगितलं. याबद्दल चकार शब्द नाही. आता मी कोष बारीक जाळीच्या बंद पेटीत ठेवतो (मच्छरदाणी पुरत नाही, अनुभव घेतलाय) आणि जुन्या कोषांची टरफलं शेडमध्ये साठू देत नाही. कृषी विभागाने प्रशिक्षणात निदान एक तास या शत्रूला द्यावा.

– एक अळीपालक, कराड (जि. सातारा)