टाच उचलायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फुटाळा तलावाच्या काठाने पहाटे धावणाऱ्या आमच्या गटात अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, तुटून पुन्हा धावू लागलेले काही जण आहेत, आणि ते सगळे फिजिओथेरपीसाठी तुमच्या हाताखालून गेले आहेत. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू द्या, आज किती झाले सांगा" म्हणून थेट व्यायामावर येता. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं ज्याची टाच आज दुखतेय त्याच्याही हाती पडावं.

पहिले आभार तुमच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीचे. टेंडन तुटतं तेव्हा मागून कुणी लाथ घातल्यासारखं वाटतं, फट् असा आवाज येतो, आणि वळून पाहावं तर मागे कुणीच नसतं. थोड्या वेळाने कळ उतरते. माणूस लंगडत का होईना चालतो, बोटं हलवतो. मग घरचे म्हणतात, मुरगळला असेल, आणि लेप लावून मोकळे होतात. चालता येतं ते बोटं वाकवणाऱ्या आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या स्नायूंमुळे. पाऊल खाली दाबायला तेही थोडा हात देतात. तुम्ही माणसाला पालथं झोपवता, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर ठेवता आणि पोटरी मुठीत दाबता. टेंडन शाबूत असेल तर पाऊल आपसूक खाली झुकतं. तुटलं असेल तर तसंच लोंबत राहतं. टाचेच्या हाडाच्या दोन ते सहा सेंटीमीटर वर, जिथे रक्तपुरवठा मुळात कमी, तिथे बोटाला खड्डाही लागतो; पण सूज चढली की तो बुजतो आणि फसगत होते. पोटरी दाबून पाहणं सूज असतानाही कामी येतं. हे लवकर कळणं फार मोलाचं, कारण तुटलेली टोकं जवळ यावीत म्हणून पाऊल खाली झुकवून बांधायचं ते पहिल्या काही दिवसांतच.

ऑपरेशन करायचं की नाही, यावर तुम्ही कुणाला भीती घातली नाहीत आणि कुणाला गोड आशाही दाखवली नाहीत. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या ५२६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले, ते समोर ठेवलेत. वर्षाअखेर पायाचं काम दोन्हीकडे जवळपास सारखंच. ऑपरेशनविना बरे झालेल्यांत टेंडन पुन्हा तुटण्याचं प्रमाण ६.२ टक्के, ऑपरेशन झालेल्यांत ०.६ टक्के, उलट मज्जातंतूला इजा होण्याचं प्रमाण ऑपरेशनमध्ये जास्त. एवढं सांगून म्हणालात, आता सर्जनसमोर बसा आणि ठरवा. असं सरळ बोलणारं माणूस त्या आठवड्यात भेटणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याचा पाय घोटा जखडून ठेवणाऱ्या उपचाराच्या बुटात अडकलाय त्यालाच कळतं.

बुटाच्या काळातल्या तुमच्या सूचना बारीक होत्या, पण एकही वायफळ नव्हती. टाचेखालच्या पाचरी सर्जनच्या वेळापत्रकानेच, एकेक करून काढायच्या. बरं वाटतंय म्हणून दोन एकदम नाही. दुसऱ्या पायात तितक्याच उंचीचा जोडा घालायचा, नाहीतर तीन आठवड्यांत कंबर धरते. आणि पोटरीला तेल लावून चोळायचं नाही. आपल्याकडे आई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांचे हात त्यासाठी शिवशिवतात. पाय जखडलेला असताना पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, ठणकू लागली तर चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. धाप लागली किंवा छातीत कळ आली तर थेट हॉस्पिटल.

यापुढचं सांगणं मात्र आम्हाला सगळ्यात जड गेलं: ताणायचं नाही. पाय आखडलाय म्हटल्यावर जो तो "ताणून मोकळा कर" म्हणतो. जुळत असलेलं टेंडन ताणलं तर ते लांबीला वाढून जुळतं, आणि लांबलेलं टेंडन व्यायामाने आखूड होत नाही. मग पोटरी कितीही कमावली तरी टाच पुरती वर जात नाही आणि धावताना शेवटचा रेटा मिळत नाही. म्हणून पहिले १२ आठवडे घोटा काटकोनापलीकडे वर वाकवायचा नाही. या एका नियमाने नागपूरच्या घरात किती गोष्टी बंद होतात, हे आधी तुमच्याच लक्षात आलं: उकिडवं बसणं, देशी संडास, पायरीच्या कडेवर टाच खाली सोडणं, सपाट स्लिपर, अनवाणी फिरणं. कमोडची खुर्ची आणा, घरातही टाच उंच असलेला जोडा घाला, असं तुम्ही नातेवाइकांना समोर बसवून सांगितलंत. आणि दर भेटीला पालथं झोपवून, गुडघे काटकोनात वाकवून, दोन्ही पावलं कशी लोंबतात ते पाहिलंत. दुखरं पाऊल चांगल्यापेक्षा जास्त सपाट पडलं की टेंडन लांबतंय, हे तुम्हाला आमच्याआधी दिसायचं.

व्हिडिओत पाहून पायरीवरचे व्यायाम सुरू करणाऱ्यांना तुम्ही वेळीच थांबवलंत. १९९८ मध्ये स्वीडनमधून पुढे आलेली ती पद्धत, पायरीवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, रोज १८० वेळा, १२ आठवडे, ती जुनाट दुखणाऱ्या पण अखंड टेंडनसाठी आहे. तुटून नुकत्याच जुळलेल्या टेंडनला आठव्या आठवड्यात तेच करायला लावणं म्हणजे ओल्या सिमेंटवरून गाडी नेणं.

आता टाच उचलणं. या एका व्यायामावर तुम्ही जेवढा वेळ घालवलात तेवढा बाकी सगळ्यावर मिळून घातला नसेल. भिंतीला दोन बोटं टेकवलेली, गुडघा सरळ, भार अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चवड्यावर. थकलं की पाऊल करंगळीकडे कलतं, तिथे मोजणं थांबवायचं. तीन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. आधी दोन्ही पायांवर, मग दोन्हींवर चढून एकावर उतरायचं, मग एकट्या पायावर. आणि तो दोरा! दोन खुर्च्यांच्या पायांना, चांगल्या पायाची टाच जिथवर पोचते तेवढ्या उंचीवर बांधलेला शिवणाचा दोरा. टाच दोऱ्याला लागली तरच एक मोजायचं. दोरा नसताना बारा म्हणणाऱ्याचे दोऱ्यापाशी चार निघायचे, कारण टाच पहिल्या चारनंतर अर्ध्यावरूनच परतत होती आणि वरून पाहणाऱ्याला ते कळत नव्हतं. एका पायावर दोऱ्याला लागून सलग २५, हा तुमचा टप्पा. काहींना त्याला सहा महिने लागले, काहींना त्याहून जास्त, आणि तुम्ही एकदाही घाई केली नाहीत.

बसून, गुडघा वाकवून टाच उचलायचा व्यायाम आम्ही टाळायचो, फार सोपा वाटतो म्हणून. गुडघा वाकला की पोटरीचा वरचा स्नायू सैल पडतो आणि आतल्या सोलियसवर काम येतं. धावताना या सोलियसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो, हे तुम्ही सांगितल्यावर मांडीवर तांदळाच्या पिशव्या चढू लागल्या. पाच किलो, दहा, वीस, मग जिमचं मशीन. आठ-आठचे तीन-चार फेरे, सावकाश, एक दिवसाआड. भार पडल्यावर पहिले २४ ते ३६ तास टेंडनमध्ये झीज ही भरण्यापेक्षा जास्त चालते. रोज भार दिला तर झिजेचाच हिशेब वाढत जातो.

"थोडं दुखून राहिलं, चालेल का?" या प्रश्नाला तुम्ही नेहमी उलटा प्रश्न विचारलात: सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं कशी होती? व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशीची ती दहा पावलं आदल्या सकाळसारखीच हवीत. जास्त आखडली तर एक पायरी मागे. एवढा साधा मापदंड, पण सुरुवातीला कुणीच पाळला नाही.

धावायला कधी लागू, याची तारीख तुम्ही कुणालाच दिली नाहीत. दिल्यात त्या चाचण्या. न लंगडता ३० मिनिटं झपाझप चालणं. दोऱ्याला लागून एका पायावर किमान २०. दोन्ही पायांवर जागच्या जागी २० उड्यांचे तीन फेरे, मग एका पायावर दहा, आणि डोळे मिटून ऐकायचं: दोन्ही पायांचा आवाज सारखा येतो का? दुखरा पाय धप् वाजत असेल तर पोटरी अजून झटका झेलत नाही. या चाचण्या चौथ्या-पाचव्या महिन्याआधी क्वचितच कुणी पार केल्या, आणि शर्यतीला उतरायला वर्ष लागलं तरी त्यात वावगं काही नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतंत.

मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा, एक दिवसाआड. तेच दोनदा तक्रारीविना झालं की पुढची पायरी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आधी वेळ, मग वेग, चढ सर्वांत शेवटी. जागाही तुम्हीच वाटून दिल्यात. सुरुवात कस्तुरचंद पार्कसारख्या सपाट मातीवर. सिमेंट रस्त्याच्या कडेने नाही, कारण कडेला उतार असतो आणि एकच घोटा रोज तिरका पडतो. सेमिनरी हिल्स शेवटी, कारण चढावर टाच खाली राहते आणि ताणलेल्या टेंडनवर भार पडतो. सुरुवातीच्या जोड्यात टाच चवड्यापेक्षा दहा मिलिमीटर तरी उंच. मे महिन्यात सहाच्या आत घरी.

औषधांचं तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलंच नसतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकने टेंडन दुखावू शकतं, तुटूही शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ पासून त्यावर ठळक इशारा छापायला लावला आहे. पोट बिघडलं की मेडिकलमधून स्वतःच गोळी आणायची सवय आपल्याकडे घरोघरी. डॉक्टरांना आधीच सांगा, माझं टेंडन तुटलं होतं. ते दुसरं औषध देतील. अकिलीसजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायच्या आधीही दहादा विचारा, हेही तुमचंच.

ताई, गटात आता कुणी लंगडत आलं की बाकड्यावर पालथं झोपवून पोटरी दाबतो. पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी सर्जनकडे. शनिवारी एक जण तुमच्याकडे येतोय, बुटात अजून तीन पाचरी आहेत. घरी देशी संडासच आहे, म्हणून कमोडची खुर्ची आम्ही कालच पोचती केली. शिवणाचा दोराही दिलाय, पण तो कधी बांधायचा ते तुम्हीच सांगा.

तुमचे,
फुटाळ्यावर पहाटे धावणारे सगळे
नागपूर